हरणाऱ्याच्या हातातला कागद: बॉक्सिंगमधलं रीमॅचचं कलम

१६ मे २०२१ रोजी टायसन फ्युरीने एक व्हिडिओ टाकला. १४ ऑगस्टला सौदी अरेबियात आपण अँथनी जोशुआशी लढणार, असं त्यात त्याने छातीठोकपणे सांगितलं. दोघेही ब्रिटिश, हेवीवेट गटातले चारही मोठे पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदाचे किताब, या दोघांकडे मिळून होते, आणि ही लढत व्हावी म्हणून चाहते कित्येक वर्षं डोळे लावून बसले होते. जेमतेम एक दिवस गेला आणि अमेरिकेतून बातमी आली. डॅनियल वाइन्स्टाइन या निवृत्त न्यायाधीशांनी लवाद म्हणून निर्णय दिला होता की फ्युरीने आधी डिओंटे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायला हवं. हाच वाइल्डर पंधरा महिन्यांपूर्वी फ्युरीकडून सातव्या फेरीत सपशेल हरला होता.

म्हणजे हरलेल्या माणसाने जिंकलेल्याची पुढची तारीख अडवली, आणि कायद्याने अडवली. नव्याने बॉक्सिंग पाहणाऱ्याला हे चक्रावून टाकतं. हरला तो मागे जाणार, रांगेतला पुढचा वर येणार, असंच आपण धरून चाललेलो असतो. पण व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये रांग करारातून तयार होते, आणि त्या करारातलं सगळ्यात वजनदार कलम म्हणजे रीमॅच क्लॉज, हरणाऱ्याला पुन्हा लढत मागण्याचा हक्क देणारं कलम. ते कुठून येतं, कोणाला मिळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे कळलं की या खेळातल्या अर्ध्या बातम्यांचा उलगडा होतो.

टेनिसमध्ये ड्रॉ निघतो, फुटबॉलमध्ये लीगचं वेळापत्रक असतं. कोण कोणाशी खेळणार हे खेळाडूच्या मर्जीवर नसतं. बॉक्सिंगमध्ये असं कोणी वेळापत्रक लावत नाही. प्रत्येक लढत हा स्वतंत्र सौदा असतो. एका बाजूला बॉक्सर आणि त्याचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूलाही तसेच दोघे. मॅनेजर बॉक्सरच्या बाजूने बोलतो आणि त्याच्या कमाईतला ठरावीक टक्का घेतो. प्रमोटर लढत भरवतो, तिकिटं आणि प्रसारणाचे हक्क विकतो, तोटा झाला तर तोही त्याचाच. या दोन माणसांचे स्वार्थ वेगळे आहेत, म्हणून अमेरिकेत २००० साली झालेल्या मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायद्याने मोठ्या लढतींपुरती ही दोन कामं एकाच हातात ठेवायला बंदी घातली. शिवाय पट्टे देणाऱ्या चार मोठ्या संस्था आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचे नियम निराळे, प्रत्येकीची क्रमवारी निराळी.

वाटाघाटींत सगळा जोर एकाच प्रश्नावर असतो: लोक कोणाला बघायला येणार? ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो ‘ए-साइड’, दुसरा ‘बी-साइड’. पट्टा कोणाकडे आहे हा मुद्दा त्याच्यानंतर येतो. ए-साइडला पैशातला मोठा वाटा मिळतो, जाहिरातीत नाव आधी येतं, रिंगमध्ये शेवटी यायचा मान मिळतो, आणि ठिकाण, तारीख, कधीकधी वजनाची मर्यादाही तोच ठरवतो. २०२३ मध्ये जर्वोंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया यांच्या करारात तर अशी अट होती की वजन झाल्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत दहा पौंडांपलीकडे वजन वाढवायचं नाही. अट दोघांनाही लागू होती, पण जाच झाला तो अंगाने मोठ्या असलेल्या गार्सियाला.

या देवाणघेवाणीचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण १९८७ सालचं आहे. मार्विन हॅगलर मिडलवेटचा विजेता होता. शुगर रे लिओनार्ड पाच वर्षांत फक्त एकदा लढला होता. लिओनार्डच्या माणसांनी पैशाचा हट्ट धरला नाही. हॅगलरला १ कोटी २० लाख डॉलरची हमी, लिओनार्डला १ कोटी १० लाखांची. पैशात माघार घेऊन त्यांनी तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: वीस फुटांची मोठी रिंग, दहा औंसांचे जाड ग्लोव्हज, आणि पंधराऐवजी बारा फेऱ्या. मोठी रिंग म्हणजे पळायला जागा. जाड ग्लोव्हज म्हणजे हॅगलरच्या ठोशाची धार कमी. बारा फेऱ्या म्हणजे दमसासाची परीक्षा तीन फेऱ्यांनी छोटी. ६ एप्रिल १९८७ च्या रात्री पंचांचा कौल विभागून लिओनार्डच्या बाजूने गेला. तो निकाल बरोबर की चूक यावर आजही लोक तावातावाने भांडतात. हॅगलरला पुन्हा लढायचं होतं, पण ती लढत त्याला कधीच मिळाली नाही. वाट पाहून पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. मला ही गोष्ट अजून लागते. दहा लाख डॉलर जास्त घेणाऱ्या विजेत्याकडे पुढच्या लढतीवर बोट ठेवता येईल असं काहीच उरलं नव्हतं.

दोन प्रकारच्या लढती

रीमॅचचं कलम प्रत्येक करारात घालता येत नाही. त्यासाठी आधी स्वेच्छेची लढत आणि सक्तीची लढत यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा.

विजेत्याने कुणाशी लढायचं हे बऱ्याचदा तो स्वतः निवडतो. ही स्वेच्छेची लढत. आव्हानवीराला संधी हवी असते, ती देणं न देणं विजेत्याच्या हातात असतं, म्हणून विजेता अटी घालतो. ‘तुला संधी देतो, पण मी हरलो तर पुढची लढत माझ्याशीच’ ही त्यातली पहिली अट. आव्हानवीर ती सहसा मान्य करतो, कारण नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी हो म्हणायला बाहेर उभाच असतो.

सक्तीची लढत म्हणजे मँडेटरी. पट्टा देणारी संस्था एका बॉक्सरला अधिकृत आव्हानवीर ठरवते आणि विजेत्याला मुदत देते. मुदतीत सौदा जमला नाही तर ‘पर्स बिड’ होते: प्रमोटर बंद पाकिटात बोली लावतात, सर्वांत मोठी बोली लावणारा लढत भरवतो, आणि पैशाची विभागणी संस्थेच्या नियमाने होते. जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी फ्रँक वॉरन यांची ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरची बोली जिंकली. त्यातले दहा टक्के, म्हणजे ४१ लाख २,५०० डॉलर, जिंकणाऱ्यासाठी बाजूला ठेवले गेले. उरलेल्यातले ८० टक्के, म्हणजे २ कोटी ९५ लाख ३८ हजार, फ्युरीला आणि ७३ लाख ८४,५०० व्हाइटला. इथे आव्हानवीर कुणाच्या उपकारावर रिंगमध्ये येत नाही, तो आपल्या हक्काने येतो. त्यामुळे त्याच्याकडून परतफेडीच्या लढतीचं वचन काढून घ्यायला विजेत्याकडे काही साधनच राहत नाही.

एखाद्या लढतीची घोषणा झाली की मी म्हणूनच आधी हेच बघतो: ही स्वेच्छेची की सक्तीची? स्वेच्छेची असेल तर करारात रीमॅच असणारच असं समजून चालायला हरकत नाही.

कलमात असतं काय

‘हरलो तर पुन्हा लढू’ एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. हक्क एकालाच आहे की दोघांनाही? निकालानंतर किती दिवसांच्या आत लेखी कळवायचं? लढत किती महिन्यांत व्हायला हवी? कोणी जखमी झालं तर मुदत थांबते की संपते? बरोबरी झाली तर? मधल्या काळात तिसऱ्या कुणाशी लढता येईल का? ठिकाण कोण ठरवणार? आणि पैसे कोणत्या प्रमाणात वाटायचे? हे सगळं पहिल्या लढतीच्या आधी, कोण जिंकणार हे माहीत नसताना लिहिलं जातं. फ्युरी आणि वाइल्डर यांचा वाद नेमका मुदतीवर अडला होता. फ्युरीच्या बाजूचं म्हणणं होतं की वेळ निघून गेली, आता हक्क संपला. लवादाने ते मानलं नाही.

ठिकाणाचं कलम किती जड पडू शकतं ते अँडी रुईझला विचारावं. २०१९ मध्ये जोशुआचा ठरलेला प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत नापास झाला आणि त्याच्या जागी सुमारे महिनाभर आधी रुईझला बोलावलं गेलं. १ जून २०१९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रुईझने जोशुआला चार वेळा खाली पाडून सातव्या फेरीत हरवलं आणि तीन मोठे पट्टे नेले. हेवीवेटच्या इतिहासातला हा मोठ्या धक्क्यांपैकी एक. जोशुआने लगेच रीमॅचचा हक्क बजावला. लढत सौदी अरेबियात ठरली, रुईझने तिथे जायला नाखुशी दाखवली. जोशुआचे प्रमोटर एडी हर्न यांचं उत्तर सरळ होतं: ठिकाण आम्ही ठरवायचं हे करारात लिहिलं आहे. जगाचा विजेता रुईझ होता, पण ए-साइड अजूनही जोशुआच होता. ७ डिसेंबरला दिरियामध्ये रुईझ २८३ पौंडांहून जास्त वजन घेऊन उतरला, पहिल्या लढतीपेक्षा सुमारे पंधरा पौंड जास्त. जोशुआ उलट हलका होऊन आला होता. तो बारा फेऱ्या अंतर राखून लढला आणि पट्टे परत घेऊन गेला.

डेव्हिन हॅनीची गोष्ट शांतपणे घडली, म्हणून तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. लाइटवेटचे चारही पट्टे एकत्र करण्याची संधी हवी तर ऑस्ट्रेलियात येऊन जॉर्ज कंबोसोसशी लढावं लागेल, आणि जिंकलास तर पुन्हा तिथेच येऊन लढावं लागेल, असा तो सौदा होता. हॅनीने तो घेतला. जून २०२२ मध्ये मेलबर्नला जिंकला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा मेलबर्नला जाऊन जिंकला. निर्विवाद विजेता झाल्यानंतरची पहिलीच लढत त्याला हरवलेल्या माणसाच्या घरी जाऊन द्यावी लागली. माझ्या मते हॅनीने योग्य तेच केलं. कलम जाचक होतं, पण त्या दाराला दुसरी किल्ली नव्हती.

प्रमोटरला हे कलम का प्यारं असतं हे यातून दिसतं. त्याने विजेत्यावर वर्षानुवर्षं पैसा लावलेला असतो. एका वाईट रात्रीत ते सगळं दुसऱ्या प्रमोटरच्या अंगणात जाऊ नये म्हणून घेतलेला हा विमा आहे, आणि त्याचा हप्ता आव्हानवीर भरतो.

नाही लढत म्हटलं तर?

इथे कायद्याची एक जुनी गाठ आहे. कोणतंही न्यायालय माणसाला जबरदस्तीने रिंगमध्ये ढकलू शकत नाही. कष्टाचं, अंगमेहनतीचं काम बळजबरीने करून घेणं म्हणजे वेठबिगारी. पण ‘आमच्याशी लढत नसशील तर दुसऱ्याशीही लढायचं नाही’ असा मनाई हुकूम न्यायालय देऊ शकतं. हा विचार बॉक्सिंगमधून आलेला नाही. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर नावाच्या ऑपेरा गायिकेने एका नाट्यगृहाशी करार केला आणि जास्त पैशासाठी दुसरीकडे गायचं ठरवलं. न्यायालयाने तिला गायला लावलं नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून अडवलं.

हीच युक्ती लेनॉक्स लुईसच्या कामी आली. २२ एप्रिल २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने त्याला पाचव्या फेरीत एका ठोशात झोपवलं. करारात रीमॅच होतं. पण रहमानने प्रमोटर डॉन किंगशी हातमिळवणी केली आणि भलत्याच प्रतिस्पर्ध्याशी लढायचा बेत आखला. लुईस न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात गेला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. या वयात वाया गेलेलं एक वर्ष पैशाने भरून निघत नाही, आणि नुसती नुकसानभरपाई इथे अपुरी पडते ती याचमुळे. न्यायालयाने रहमानला लुईसच्या आधी दुसऱ्या कुणाशी लढायला मनाई केली. १७ नोव्हेंबरला लास वेगासमध्ये लढत झाली आणि चौथ्या फेरीत लुईसने पट्टे परत घेतले.

आज अनेक करारांत न्यायालयाऐवजी लवादाची सोय असते. खटला उघड न्यायालयात चालत नाही, निर्णय लवकर लागतो. वाइल्डरला तसाच न्याय मिळाला. ९ ऑक्टोबर २०२१ ला तिसरी लढत झाली, दोघेही खाली पडले, उठले, पुन्हा पडले, आणि अकराव्या फेरीत फ्युरी जिंकला. ती लढत मनात घर करून राहिली हे खरं. पण मधल्या दिवसांत काय झालं तेही बघायला हवं. मोकळ्या राहिलेल्या जोशुआला सप्टेंबरमध्ये डब्ल्यूबीओचा सक्तीचा आव्हानवीर ओलेक्सांडर उसिकशी लढावं लागलं आणि तो हरला. चार पट्ट्यांची ती ब्रिटिश लढत हातातून गेली ती गेलीच. उसिकविरुद्धही जोशुआने रीमॅच घेतला, ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाहला, आणि पुन्हा हरला. कलमाने लढत मिळते, विजय मिळत नाही.

रांगेतला तिसरा

ज्याच्याशी या कलमाचा काहीच संबंध नाही, त्याच्याच पोटावर ते अनेकदा पाय देतं. दोन माणसं एकमेकांशी दोनदा लढायचं ठरवतात, आणि वर्षभर रांगेत उभा असलेला तिसरा आणखी वर्षभर उभा राहतो. संस्थांना हे खुपतं ते म्हणूनच.

१९६४ मध्ये कॅशिअस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने, सनी लिस्टनला हरवलं. डब्ल्यूबीएचा रीमॅचच्या करारांना विरोध होता. लिस्टनच्या बाजूने वेगळी वाट काढली होती: ज्यात लिस्टनचा स्वतःचा हिस्सा होता अशा कंपनीने क्लेची पुढची लढत भरवण्याचा हक्क ५० हजार डॉलरला आधीच विकत घेऊन ठेवला होता. नाव वेगळं, काम तेच. पुन्हा लिस्टनशीच लढायचं ठरल्यावर डब्ल्यूबीएने अलीचा किताब काढून घेतला. लढत बोस्टनमधून हलवावी लागली आणि २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातल्या लुइस्टन या लहानशा गावी, अडीच हजारांहून कमी प्रेक्षकांसमोर, पहिल्याच फेरीत आटोपली.

कधी रांगेतल्या माणसाला बाजूला होण्याचे पैसे दिले जातात. १९९६ मध्ये लुईसने ४० लाख डॉलर घेऊन माइक टायसनला आपल्याआधी दुसऱ्याच कुणाशी लढू दिलं. बॉक्सिंगवाले याला ‘स्टेप-असाइड मनी’ म्हणतात. पैसे देणारा आणि थांबायला तयार असणारा, दोघे भेटले तरच हे जमतं.

नाही जमलं तर पट्टा जातो. २८ नोव्हेंबर २०१५ ला फ्युरीने व्लादिमीर क्लिच्कोला हरवलं. करारात क्लिच्कोचा रीमॅच होता. आयबीएफचा सक्तीचा आव्हानवीर होता व्याचेस्लाव ग्लाझकोव. फ्युरी दोघांशी एकाच वेळी लढू शकत नव्हता, आणि विजयानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोच आयबीएफने त्याचा पट्टा काढून घेतला. रिकाम्या पट्ट्यासाठी चार्ल्स मार्टिन आणि ग्लाझकोव लढले. ग्लाझकोवचा गुडघा दुखावला, मार्टिन विजेता झाला. एप्रिल २०१६ मध्ये मार्टिन पट्टा घेऊन लंडनला आला आणि दुसऱ्या फेरीत हरला. हरवणारा होता अँथनी जोशुआ, आणि हा त्याचा पहिला जागतिक किताब. ज्या रीमॅचपायी फ्युरीचा पट्टा गेला, तो रीमॅच मात्र दोनदा तारीख ठरूनही कधी झालाच नाही.

अलीकडे मोठ्या लढतींत दुहेरी कलमाची पद्धत वाढली आहे: कोणीही हरलं तरी त्याला हक्क. दोघेही ए-साइड असल्याचा दावा करतात तेव्हा यावरच तडजोड होते. मला ती एकेरी कलमापेक्षा न्याय्य वाटते, पण रांगेतल्या तिसऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही. जुलै २०२३ मध्ये टेरेन्स क्रॉफर्डने एरॉल स्पेन्सला नवव्या फेरीत हरवलं, स्पेन्सने आपला हक्क बजावला, त्या बंधनापायी आयबीएफने क्रॉफर्डचा पट्टा काढून घेऊन जॅरॉन एनिसला दिला, आणि ती परतीची लढत झालीच नाही.

मे २०२४ मध्ये उसिकने फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही पट्टे एकत्र केले. करारात दुहेरी रीमॅच होता, परतीची लढत डिसेंबरमध्ये ठरली. आयबीएफचा आव्हानवीर वाट पाहत होता, म्हणून उसिकने जूनच्या अखेरीस तो पट्टा सोडून दिला. तो गेला डॅनियल दुब्वाकडे, रिंगमध्ये न उतरता. २१ सप्टेंबरला वेम्बली स्टेडियममध्ये ९६ हजार लोकांसमोर दुब्वाने त्याचं पहिलं रक्षण केलं. समोर पुन्हा जोशुआच होता, आठ वर्षांपूर्वी हाच पट्टा अशाच वाटेने मिळालेला. पाचव्या फेरीत तो पडला आणि पंचांनी दहा मोजेपर्यंत उठू शकला नाही.